आवळ्याचा हिरवा दिवा

टिक.

त्या एवढ्याशा आवाजासाठी वृषालीच्या स्वयंपाकघरात अर्धा मिनिट सगळं खोळंबलं होतं. विळीवर मेथीची जुडी अर्धी चिरून पडली होती, दारात बूट घालणारा नवरा एका पायावर उभा होता आणि ओट्याला नाक टेकवून थांबलेल्या तीन वर्षांच्या रेवानं तर गाल फुगवून श्वासच रोखला होता. वाडग्यात पाणी, पाण्यात द्राक्षं आणि द्राक्षांत जिभली. एकदा वाजली आणि गप्प झाली.

"एकच! एकच वाजली!" रेवानं दोन्ही हात वाडग्यात घातले.

"सावकाश. पाणी सांडशील."

एकदा वाजली तर खा, दोनदा वाजली तर पुन्हा धू, तीनदा वाजली तर फेकून दे. अंक शिकण्याआधी मुलं आता हे शिकत. चार-पाच वर्षांत घरोघरच्या ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी जिभली येऊन बसली होती. वृषालीच्या सासूबाई म्हणत, "पूर्वी देवाला दाखवल्याशिवाय तोंडात घालत नव्हतो, आता या बयेला दाखवल्याशिवाय घालत नाही. देव निदान टिकटिक तरी करत नव्हता."

दिसायला ती काहीच नव्हती. बोटभर लांबीची प्लास्टिकची पट्टी, तिच्यावर काळ्या कार्बनच्या शाईनं छापलेल्या तीन रेघा, आणि मधल्या रेघेच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारा विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, लेप. हे विकर परकं नव्हतं. माणसाच्या नसानसांत ते काम करत असतं. मेंदूनं धाडलेला निरोप पोचला की तो पुसून टाकायचा, म्हणजे पाटी पुढच्या निरोपाला कोरी. पट्टीवर त्याला त्याचं खाद्य दिलं की ते खाद्य फोडतं आणि त्यातून विजेचा बारीकसा प्रवाह वाहतो. फवारणीची काही जहाल औषधं याच विकराचा गळा धरतात. किड्याच्या अंगात धरतात, माणसाच्या अंगात धरतात, तसा पट्टीवरही धरतात. विकर गुदमरलं की प्रवाह घसरतो, आणि किती घसरला ते जिभली मोजते. "म्हणजे आपल्याआधी ती थोडंसं मरून बघते," असं वृषालीनं एकदा सासूबाईंना समजावलं होतं. सासूबाईंनी पट्टी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाल्या, "बिचारी."

वृषालीचं काम याच पट्ट्यांचं. कादवा नदीच्या काठी उंबरदरीला द्राक्षं परदेशी पाठवणारं एक पॅकहाऊस होतं आणि तिथल्या गेटावरची मोठी जिभली तिच्या ताब्यात होती. ती वाजत नसे. तिला दिवा होता. द्राक्षाच्या घडाला हात लावणाऱ्या प्रत्येक बाईनं रोज सकाळी उजव्या हाताचं पहिलं बोट दहा मोजेपर्यंत पट्टीवर दाबून धरायचं. हिरवा लागला तर आत, लाल लागला तर घरी. हंगामात कुणाला तीनदा लाल लागला तर ती एकटी जात नसे, तिची अख्खी टोळी जाई. दोन वर्षांपूर्वी बंदी असलेल्या एका औषधाचा अंश सापडला म्हणून जहाजभर द्राक्षं परत आली होती, तेव्हापासूनचा हा नियम. बंदी होती, पण बिनलेबलाच्या बाटलीत ते औषध तालुक्यात कुठंही मिळे. नियमाचा कागद तीन पानी होता. त्यात द्राक्षांच्या तब्येतीविषयी सगळं लिहिलं होतं. बायांच्या तब्येतीविषयी ओळही नव्हती, आणि ते कुणाला खटकलंही नव्हतं. वृषालीलासुद्धा नाही.

यशोदा गावित सुरगाण्याकडून आलेल्या टोळीतली. चोवीस वर्षांची, काटक, जिभेला धार. अकरा बायांची ती टोळी शेजारच्या एका बागायतदाराच्या बांधावर पत्र्याच्या खोल्यांत राही. यशोदासोबत तिची सहा वर्षांची थोरली, रोशनी, आणि चार महिन्यांचा एक मुलगा. त्याचं नाव अजून ठेवायचं होतं. हंगाम आटोपून गावी गेल्यावर आत्या-मावश्या जमवून ठेवणार होते. तोवर तो नुसता बाळ.

पहिल्यांदा लाल लागला तेव्हा यशोदा हसली होती.

"ताई, हे मशीन माझ्या नवऱ्यावानी हाय बघा. माझं तोंड बघितलं की लाल होतंय."

"हात धुतले होतेस का?"

"साबणानं धुतले, राखेनं घासले. आता काय दगडावर आपटू?"

मागच्या रांगेतली कुणीतरी म्हणाली, "आपट, आपट, धुणं तरी होईल!" सगळ्या हसल्या. यशोदा पदर खोचून परत गेली आणि दुसऱ्या दिवशी हिरवा घेऊन आत आली. गोष्ट तिथंच मिटली.

आठवड्यानं दुसरा लाल लागला, तेव्हा कुणी हसलं नाही. काशिनाथ मुकादम गेटाबाहेर दातात काडी घालून उभा होता. तो आवाज न चढवता बोले, आणि तेच वाईट असे.

"यशोदे, तुझ्या एका बोटापायी दहा चुली विझतील. तसं काही असंल तर आताच सांग, तुला गाडीत बसवून देतो."

"मी काय मुद्दाम करते का, दादा?"

"मुद्दाम कर नाहीतर कशीबी कर. दिव्याला काय कळतंय?"

टोळीतल्या बाया तिच्याकडे न बघता आत गेल्या. कालपर्यंत एका ताटलीत जेवणाऱ्या बाया. त्यातली एक जाता जाता म्हणाली, "बोट घरी ठिवून येत जा गं उद्यापासून." ही चेष्टा नव्हती.

दुपारच्या सुट्टीत वृषाली बाहेर आली. गेटाला लागून पत्र्याची एक शेड होती. तिथं कामावरच्या बायांची तान्ही पोरं असत आणि थोरली पोरं त्यांना सांभाळत. यशोदा घरी गेलीच नव्हती. शेडमध्ये खांबाला टेकून बसली होती. शेजारी झोळी टांगलेली आणि झोळीत बाळ गाढ झोपलेलं. रोशनी दोरी ओढत होती, पण ओढायची काही गरज नव्हती.

"किती गुणी गं पोर तुझं," वृषाली म्हणाली. तिला खरंच हेवा वाटला. रेवा या वयात तासातासाला उठायची. वृषालीला ते वर्ष फक्त डोळ्यांतल्या जळजळीसारखं आठवत होतं.

"झोळीचा गुण हाय, ताई." यशोदाच्या चेहऱ्यावर त्या दिवसात पहिल्यांदा उजेड आला. "बागेच्या मालकिणीनं कापड दिलं. बघा ना हात लावून, लोण्यावानी मऊ. दोनदा धुतलं आणि मग बांधली. पहिली गोधडीची होती, तीत रडायचं. या झोळीत घातलं की गप. सकाळी तेल लावून चोळते, आंघोळ घालते, झोळीत टाकते. मग गेटात शिरायच्या आधी एकदा पाजून घेते. दिसभर तक्रार नाही."

वृषालीनं वाकून बाळाकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार गळत होती. झोळीची एक कड त्यानं चोखून ओली केली होती. दात येत असतील, तिनं मनात म्हटलं. चार महिन्यांना जरा लवकरच. पण येतात काहींचे.

"ताई," यशोदा खाली बघून म्हणाली, "तिसरा लागला तर ह्या बाया मला जित्ती ठेवायच्या नाहीत."

वृषालीला एक गोष्ट ठाऊक होती. ती फक्त तिला आणि प्रयोगशाळेतल्या देवरे सरांना ठाऊक होती. मागच्या हिवाळ्यात डब्यात आवळ्याचं लोणचं खाऊन तिनं चाचणीची पट्टी हाताळली होती. पट्टीवर तिनंच मोजून विष टाकलेलं, तरी दिवा हिरवा लागला होता. कारण साधं होतं. आवळ्यातलं क जीवनसत्त्व स्वतःच पट्टीला वीज देतं. विषानं प्रवाह घसरवायचा, आवळ्यानं तेवढाच उचलून धरायचा. मशीनला दिसते ती फक्त बेरीज. देवरे सर तेव्हा म्हणाले होते, "पुढच्या मॉडेलात बघू. तोवर डब्यात आवळा-लिंबू बंद. आणि बाहेर बोलायचं नाही."

ती बोलली. तिनं हिशेब केला होता तो असा: आत गेल्यावर सगळ्या बाया हातमोजे घालतात, म्हणजे द्राक्षाला काही लागणार नाही. खाणारा सुरक्षित. यशोदाच्या बोटावर बांधावरून उडून आलेलं काहीतरी किरकोळ असणार. नियम आंधळा आहे आणि बाई खरी आहे. कुणाचंच काही बिघडत नाही.

"आवळा किसून बोटाला चोळ," ती हळूच म्हणाली. "आणि रस वाळू दे. पुसू नकोस."

यशोदानं तिच्याकडे बघितलं आणि तिचे पाय धरायला वाकली. वृषालीनं तिला अर्ध्यातच उठवलं.

एकोणीस दिवस हिरवा लागला.

रोज सकाळी यशोदा बोट टेकवी, दहापर्यंत मोजी आणि हिरव्या उजेडात तिचे दात चमकत. टोळीतल्या बाया पुन्हा तिच्याशी बोलू लागल्या. एकदा तिनं वृषालीसाठी नागलीची भाकरी आणली, फडक्यात बांधून, अजून ऊन. रोज दुपारी वृषाली शेडमध्ये डोकावे. बाळ झोपलेलं असे. "कुंभकर्ण," ती म्हणे, आणि रोशनी खुदखुदे.

अठराव्या दिवशी पलीकडच्या ओळीतली एक बाई गेटावर पकडली गेली. तिच्या ओटीत लिंबाच्या फोडी होत्या. बाया बिचाऱ्या एकमेकींचं बघून शिकल्या होत्या आणि आवळा संपल्यावर लिंबावर आल्या होत्या.

देवरे सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपल्यापेक्षा बाया हुशार निघाल्या! वृषाली, ते पुढचं मॉडेल आता करायलाच लागेल. किती दिवस देऊ?"

"उद्यापर्यंत होईल, सर."

अवघड नव्हतंच. पट्टीवर आणखी एक रेघ छापायची, आणि तिला विकराचा लेप द्यायचाच नाही. लेप नाही, म्हणजे तिला विष कळणार नाही. कळेल तो फक्त आवळा नि लिंबू. लेपानं भरलेल्या जिभेच्या आकड्यातून या रिकाम्या जिभेचा आकडा वजा केला की उरलं ते खरं. वृषालीनं दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टी बनवून सरांच्या टेबलावर ठेवली.

"छान," सर म्हणाले. "आता असं कर. मशीन नुसता दिवा लावत नाही, प्रत्येक बोटाचा पूर्ण आलेख साठवतं. आवळ्याचा उंचवटा आलेखात वेगळ्या जागी येतो. जुन्या आलेखांतून तो वजा कर आणि कोणी कोणी फसवलं त्यांची यादी काढ."

आपण पकडल्या जाणार, एवढंच तिला पहिल्यांदा सुचलं. पुढे कितीतरी दिवस तिला स्वतःची सगळ्यात जास्त लाज वाटली ती या गोष्टीची, की त्या क्षणीही तिला आधी स्वतःचीच भीती वाटली.

यादी निघत गेली. आठ-दहा बाया, बहुतेकींच्या बोटावर खरोखरच किरकोळ काहीतरी. मग यशोदाचं नाव आलं. एकोणीस दिवसांच्या एकोणीस दांड्या पडद्यावर एकापुढे एक उभ्या राहिल्या. पहिली बोटभर. दुसरी थोडी उंच. पाचवी, सातवी. मध्ये दोन दिवस जमिनीला टेकलेले, पूर्ण स्वच्छ. मग पुन्हा चढण. शेवटच्या दांडीत पट्टीवरचं जवळजवळ सगळं विकर मेलेलं होतं. एवढं मेल्यावर त्याला उचलून धरायला यशोदानं बोटाला किती आवळा चोळला असेल!

हे बांधावरून उडून आलेलं नव्हतं. उडून आलेलं असं रोज वाढत नाही. हिच्या हाताला रोज सकाळी कुठून तरी नवं लागत होतं.

आणि ते दोन स्वच्छ दिवस? वृषालीनं तारखा पाहिल्या. मंगळवार, बुधवार. ते दिवस तिला आठवले, कारण तेव्हा माल जास्त होता आणि मुकादमानं टोळीला अंधुक उजेडातच आणून सोडलं होतं. यशोदा तशीच कामावर आली होती. बाळाला मागाहून रोशनी घेऊन आली होती, कडेवर, एका बाजूला कलती होऊन. वृषालीनं तिला बिस्किट दिलं होतं.

त्या दोन सकाळी यशोदानं बाळाला तेल लावलं नव्हतं, पाजलं नव्हतं. हातात घेतलंच नव्हतं.

वृषालीनं डब्याच्या पिशवीतून घरची जिभली काढली आणि ती पळत सुटली. पळताना तिच्या चपलेचा अंगठा तुटला.

शेडमध्ये ऊन तिरपं आलं होतं. रोशनी झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून खडे खेळत होती.

"हात दाखव, रोशनी." ओल्या बोटावर जिभली टेकवली. टिक.

पाण्याचा हंडा. टिक. तेलाची बाटली. टिक.

बाळाचा तळपाय. टिक, टिक, टिक.

झोळीच्या कापडाला तर ती लावल्या लावल्या वाजली, आणि तिनं पट्टी दूर नेली तरी वाजतच राहिली.

मऊ, बारीक विणीचं, लोण्यासारखं कापड. वृषाली बागायतदाराच्याच घरात वाढलेली होती. हे कापड तिनं जन्मभर पाहिलं होतं. फवारणीच्या टाकीत औषध ओततात ना, तेव्हा तोटीत गाळ अडकू नये म्हणून टाकीच्या तोंडावर बांधतात ते. हंगामभर औषध गाळून गाळून मऊ झालेलं. मालकिणीनं ते चांगल्या मनानं दिलं असेल, यशोदानं चांगल्या मनानं दोनदा धुतलं असेल. पण हे औषध तेलकट, पाण्याला दाद देत नाही. तेलाला देतं. यशोदा रोज पहाटे लेकराला मायेनं तेलानं माखायची आणि त्या कापडात निजवायची, आणि कापडात मुरलेलं विष रोज थोडं थोडं सुटून त्याच्या कातडीत उतरायचं. जितकं तेल, तितकं जास्त. आलेखाची चढण तिथली होती.

तिनं बाळाची पापणी वर केली. भर सावलीत त्याच्या डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालेली होती.

बाळ गुणी नव्हतं. त्याच्यात रडण्याचं बळ उरलं नव्हतं.

देवरे सरांकडे तिनं पॅकहाऊसची गाडी मागितली. सर उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले. "हे बघ, मला वाईट वाटतंय. पण शेड गेटाबाहेर आहे. आपली गाडी गेली की नोंद होणार, नोंद झाली की ते लोक परदेशातून विचारणार. तू तुझी स्कूटर घेऊन जा. सुट्टी मांडत नाही मी."

स्कूटरवर मागे यशोदा बसली, छातीशी बाळ, आता तिच्याच पदरात गुंडाळलेलं. वाटेत तिनं एकदाच विचारलं, "ताई, नुसतं झोपलंय ना हो?" वाऱ्यात ऐकू न आल्यासारखं वृषालीनं केलं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं बाळाला बघितलं मात्र, हाका मारून उतारा मागवला आणि सुई टोचता टोचताच विचारलं, "किती वेळ झाला?"

"आजच, सकाळपासनं जरा मलूल व्हता," यशोदा म्हणाली.

वृषालीनं डॉक्टरणीकडे बघून इंग्रजीत सांगितलं: निदान तीन आठवडे. रोज. अंश वाढत गेलेला.

डॉक्टरणीनंही इंग्रजीतच विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? वृषाली म्हणाली, मोजमाप आहे. डॉक्टरणीनं तिच्याकडे एकदा नीट बघितलं आणि दुसरी सुई भरली. यशोदा या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती, परक्या देशात रस्ता विचारणाऱ्या माणसासारखी.

"काय म्हणत्यात, ताई?"

"प्रयत्न करतायत म्हणाल्या."

कागदावर नाव हवं होतं. नाव नव्हतं. नर्सनं लिहिलं, यशोदा गावित यांचे बाळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास ते गेलं. उतारा विकराचा गळा सोडवतो, पण तीन आठवडे दाबलेला गळा एका रात्रीत सुटत नाही, असं डॉक्टरणीनं वृषालीला पुन्हा इंग्रजीतच सांगितलं. यशोदाला तिनं एवढंच सांगितलं की कापडात औषध होतं.

"मी दोनदा धुतलं होतं," यशोदा म्हणाली. मग पायरीवर बसून तिनं तेच म्हटलं, मग गाडीत बसताना. "दोनदा धुतलं होतं, ताई. दोनदा."

तेलाचं कुणी तिला सांगितलं नाही. वृषालीला वाटलं, एवढं तरी आपण तिच्यासाठी करू शकतो.

आणखी एक गोष्ट तिनं केली. यादी सरांच्या हाती देण्याआधी त्यातून यशोदाचं नाव काढलं, आणि नाव काढायचं तर आलेख ठेवून चालणार नव्हतं, म्हणून ते एकोणीस आलेखही पुसले. ते राहिले असते तर टोळी त्याच दिवशी गाडीत बसली असती. पुसले म्हणून टोळी राहिली. त्यांच्यासोबत हेही पुसलं गेलं की गेटावरच्या मशीनला तीन आठवडे सगळं कळत होतं. पोलीस पाटील आले, पंचनामा झाला, बागायतदार म्हणाला कापड कुणी कुठून उचललं आम्हाला काय ठाऊक, आणि त्याला विचारायला कुणाजवळ काही राहिलं नव्हतं.

नवी पट्टी गेटावर बसली. देवरे सरांनी सगळ्यांसमोर वृषालीचं कौतुक केलं. पेढे वाटले गेले. तिनं आपला पेढा डब्यात टाकला. घरी रेवानं तो शोधून काढला, पाण्यात बुडवून त्याला जिभली लावायचा हट्ट धरला आणि एकच टिक ऐकून खाऊन टाकला. वृषाली ओट्याला धरून उभी राहिली. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "झोप नाही झाली." झोप न होण्याचं कारण तिच्या घरात आता उरलं नव्हतं, रेवा रात्रभर झोपायची. पण हल्ली वृषालीच उठायची आणि तिच्या नाकाशी बोट धरून बघायची.

सहाव्या दिवशी यशोदा कामावर आली. बाळाला गावी माती देऊन, तीन गाड्या बदलून. कपाळावर कुंकू होतं, केस नीट विंचरलेले होते. टोळीतल्या बायांनी तिला रांगेत पुढे जागा करून दिली. मुकादमानंही तोंडातली काडी काढली.

तिनं बोट पट्टीवर टेकवलं. दहापर्यंत मोजलं. तिचे ओठ हलत होते ते वृषालीला काचेतून दिसत होते.

हिरवा लागला. नव्या पट्टीवर, रिकाम्या जिभेची वजाबाकी करून. आता त्या बोटाला लागायला काही राहिलं नव्हतं.

यशोदा काचेच्या खिडकीपाशी आली.

"ताई, मुकादमानं सांगितलं मला. यादीत माझं नावच नव्हतं म्हणं. ते तुम्हीच काढलं असणार, म्हून टोळी राहिली." तिनं खिडकीतून हात घातला आणि वृषालीचा हात धरला. तळवा खरखरीत होता, राखेनं घासून घासून भेगाळलेला. "तुम्ही नसता तर माझं काय झालं असतं? लेकरू तर गेलंच, पण बाया तरी तोडल्या नाहीत मला. तुमचं रोशनीच्या जन्माला फिटायचं नाही."

वृषालीच्या तोंडात शब्द आले. ते आले होते हे ती पुढे कितीदा तरी स्वतःला सांगणार होती. "यशोदा, ऐक, मला तुला—"

"चला ओ, चला पुढं," मागून आवाज आला. आत घंटा झाली. यशोदानं पदराच्या टोकानं डोळे टिपले, हातमोजे चढवले आणि ती द्राक्षांकडे गेली.

रोशनी मागे राहिली होती. शेडमध्ये आता तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती गेटापाशी घुटमळत होती. रांग संपली, गेट रिकामं झालं, तशी ती चवड्यांवर उभी राहिली आणि तिनं आपलं बोट पट्टीवर टेकवलं. वृषालीनं हटकलं नाही. दिवा हिरवा लागला. रोशनीनं त्याच्याकडे मान वाकडी करून पाहिलं.

"मावशी, हे आईच्या बोटाला रोज विचारायचं ना?"

"हो."

"रोज म्हंजी रोज?"

"हो गं."

"आणि आई रोज बाळाला घेऊनच यायची." रोशनीनं बोट उचललं, फ्रॉकला पुसलं आणि काचेला नाक लावून आत वृषालीकडे बघितलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग ह्याला सगळं कळतं, तर ह्यानं आमच्या बाळाचं का नाही सांगितलं?"